पावती छापली, पण नोंद नाही: क्वेरी खरोखर चालली का, हे कसं तपासायचं

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: "स्क्रीनवर 'नोंद झाली' असं आलं, पावतीही छापली, पण यादीत नाव नाही." फोंड्यातल्या दुकानाचं बिलिंग असो, डिचोलीकडची पतसंस्था असो, देवस्थानच्या अभिषेकाच्या पावत्या असोत की पंचायतीची घरपट्टी, रूप तेच. महिनाभर सगळं सुरळीत चालतं, मग एक नोंद गायब होते. कोणीतरी ती हातानं भरतं आणि विषय मिटतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

लोकांचा पहिला संशय नेटवर्कवर जातो, मग व्हायरसवर, आणि शेवटी काउंटरवर बसणाऱ्या मुलीवर. "तिनं सेव्हच दाबलं नसेल." मला या दोषाचा राग येतो तो यासाठीच, कारण त्याचा आळ भलत्याच माणसावर जातो. खरा दोष बहुतेक वेळा प्रोग्रामच्या दोन ओळींच्या मध्ये असतो. वरच्या ओळीत डेटाबेसला स्टेटमेंट (म्हणजेच क्वेरी, 'हे नोंदव' किंवा 'हे बदल' असा हुकूम) पाठवलेलं असतं, खालच्या ओळीत 'नोंद झाली' छापलेलं असतं. मधे डेटाबेसनं काय उत्तर दिलं, ते कोणी विचारलेलंच नसतं.

'स्टेटमेंट यशस्वी झालं का' हा एकच प्रश्न वाटतो, पण त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत. सर्व्हरनं स्टेटमेंट स्वीकारलं का? टेबलातल्या अपेक्षित होत्या तितक्याच ओळी बदलल्या का? जे लिहिलं ते जसंच्या तसं बसलं का? आणि ते कमिट झालं का, म्हणजे कायमचं पक्कं झालं का? पहिल्याचं उत्तर 'हो' मिळालं की बाकीची तीन गृहीत धरली जातात, आणि एरर न येताही डेटा जातो तो इथंच.

नेमकी कोणाची नोंद गायब आहे?

कोड उघडण्याआधी गायब नावं कागदावर लिहून काढा. पाच-दहा नावं एकाखाली एक आली की पुष्कळदा कारण डोळ्यांसमोरच उभं राहतं. गोव्यात तर एक कारण वारंवार सापडतं. यादीत डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा अशीच आडनावं दिसतात आणि नाईक, गावकर, प्रभू यांपैकी एकही नाही. ही आडनावं रोमन लिपीत पुष्कळजण 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. शिवाय एकाच घरात एक भाऊ ती देतो, दुसरा देत नाही. त्यामुळे "काही डिसोझांची नोंद होते, काहींची होत नाही" असं विचित्र चित्र दिसतं आणि माणूस चक्रावतो.

प्रोग्राम स्टेटमेंट कसं जोडतो ते बघा. नाव असलेल्या चौकटीतला मजकूर उचलून तो दोन एकेरी अवतरणांमध्ये घालतो. तयार होतं ते असं:

इन्सर्ट इंटू पावती (नाव, रक्कम) व्हॅल्यूज ('मारिया डी'सोझा', ३००)

डेटाबेसच्या लेखी नाव 'मारिया डी' इथंच संपलं, कारण दुसरं अवतरण तिथं आलं. पुढचं 'सोझा' काय आहे, ते त्याला कळत नाही. मायएसक्यूएल नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर १०६४ क्रमांकाची एरर परत करतं, म्हणजे वाक्यरचना चुकली. टेबलाला हातही लागलेला नसतो. प्रोग्राम ती एरर वाचत नाही, पुढच्या ओळीवर जातो आणि पावती छापतो.

यावर काउंटरवाल्यांना "अपॉस्ट्रॉफी टाकू नका" असं सांगण्याची पद्धत आहे. मला ती साफ नापसंत आहे. माणसाचं नाव त्याच्या कागदपत्रांवर जसं आहे तसंच नोंदलं गेलं पाहिजे, प्रोग्रामच्या सोयीसाठी ते बदलू नये. शिवाय ज्या फटीतून एक साधं आडनाव स्टेटमेंट मोडतं, त्याच फटीतून कोणी मुद्दाम लिहिलेला मजकूर तुमचं टेबल पुसूही शकतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. उपाय एकच, प्रिपेअर्ड स्टेटमेंट: स्टेटमेंटमध्ये किमतींच्या (भरायच्या मजकुराच्या, व्हॅल्यूजच्या) जागी प्रश्नचिन्हं ठेवायची आणि नाव व रक्कम वेगळी बाइंड करायची, म्हणजे स्टेटमेंटपासून अलग पाठवायची. मग नावात काहीही असो, डेटाबेस त्याला नावच समजतो.

पण एवढं करून थांबू नका. अपॉस्ट्रॉफी हे या वेळचं निमित्त होतं. उद्या पावती क्रमांक दोनदा आला म्हणून १०६२ येईल, परवा सक्तीचा कॉलम रिकामा राहिला म्हणून १०४८ येईल. प्रोग्राम उत्तर वाचत नसेल, तर तेव्हाही 'नोंद झाली' असंच छापलं जाणार.

उत्तर वाचायचं कुठं?

आपल्याकडच्या जुन्या छोट्या कार्यालयीन प्रोग्रामांमध्ये पीएचपी आणि मायएसक्यूएलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून तिथून सुरुवात. मायएसक्यूएलआय हा पीएचपीतून मायएसक्यूएलशी बोलायचा एक मार्ग. त्याचं क्वेरी फंक्शन बिघाड झाला तर फॉल्स देतं, सिलेक्ट चाललं तर रिझल्ट ऑब्जेक्ट देतं, आणि इन्सर्ट, अपडेट, डिलीट चाललं तर नुसतं ट्रू. पीएचपी ८.१च्या आधी हे फॉल्स गुपचूप येत असे. तुम्ही तपासलं तर कळणार, नाही तर नाही. २०२१मध्ये आलेल्या ८.१पासून मायएसक्यूएलआय आपणहून एक्सेप्शन फेकतं, म्हणजे कोणी पकडली नाही तर प्रोग्राम तिथंच थांबवणारी एरर देतं. पीडीओमध्ये (पीएचपीतल्या डेटाबेसशी बोलायच्या दुसऱ्या मार्गात) हाच बदल एक पाऊल आधी, ८.० आवृत्तीत झाला.

यातून एक गंमतशीर तक्रार जन्माला येते: "होस्टिंगवाल्यानं पीएचपी बदललं आणि चालू प्रोग्राम बिघडला." पान मध्येच पांढरं होतं, पावती छापत नाही. प्रोग्राम त्या दिवशी बिघडलेला नसतो. आधीही त्या नोंदी होत नव्हत्या, फक्त आता ते दिसू लागलं. अशा वेळी रिपोर्टिंग बंद करून जुनं वागणं परत आणण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो घेऊ नका. उलट जुन्या आवृत्तीवर असाल, तर मायएसक्यूएलआयचं रिपोर्टिंग एरर आणि स्ट्रिक्ट अशा दोन्ही पर्यायांसह स्वतः चालू करा, आणि पीडीओत एररमोड एक्सेप्शन ठेवा. जोडणी उघडतो त्या फाइलमधली ही एक ओळ. ती घातली की वर्षानुवर्षं लपलेले बिघाड आठवड्याभरात बाहेर येतात. गर्दीच्या दिवशी हा बदल करू नका एवढंच. मार्चअखेर घरपट्टीची रांग लागलेली असताना किंवा चवथीच्या आदल्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसताना नको.

एक्सेप्शन आलं की ते पकडणारं ट्राय-कॅच येतं (ट्रायमध्ये काम, कॅचमध्ये एरर आली तर काय करायचं ते), आणि ट्राय-कॅचसोबत रिकामा कॅच येतो. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वात घातक लिखाण ते. एरर न तपासणं ही निदान राहून गेलेली गोष्ट असते, रिकामा कॅच म्हणजे आलेली एरर हातानं पुसणं. ओरॅकलच्या पीएल-एसक्यूएलमध्ये 'व्हेन अदर्स देन नल' हे त्याचंच भावंड. कोड हाती आला की मी सर्वप्रथम ही दोन रूपं शोधतो. बहुतेक वेळा पुढचं शोधावं लागत नाही.

जावामधला घोटाळा उलट दिशेचा आहे. जेडीबीसीतलं (जावाच्या डेटाबेसशी बोलायच्या मार्गातलं) एक्झिक्यूट हे बुलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, देतं म्हणून लोक ते यशाचं चिन्ह समजतात. त्याचा अर्थ एवढाच की पहिला निकाल रिझल्टसेट (सापडलेल्या ओळींचा संच) आहे की नाही. व्यवस्थित चाललेलं इन्सर्टही तिथं फॉल्स देतं. मग प्रोग्राम म्हणतो "नोंद झाली नाही", काउंटरवरचा माणूस पुन्हा दाबतो, आणि एकाच अभिषेकाच्या दोन नोंदी होतात. इन्सर्ट-अपडेटसाठी एक्झिक्यूटअपडेट वापरा, ते ओळींची संख्या देतं. बिघाड झाला तर एसक्यूएलएक्सेप्शन येतं.

पायथॉनमध्ये एक्झिक्यूटच्या परतीच्या किमतीवर विसंबू नका. एसक्यूएलाइटचं मॉड्यूल कर्सरच (क्वेरी चालवणारा ऑब्जेक्टच) परत देतं, पायमायएसक्यूएल ओळींची संख्या देतं, सायकोपीजी२ काहीच देत नाही. डीबी-एपीआय या पायथॉनच्या डेटाबेस ड्रायव्हरांसाठीच्या मानकात ती किंमत ठरवूनच दिलेली नाही. बिघाड एक्सेप्शनमधून वाचायचा आणि संख्या कर्सरच्या रोकाउंटमधून. डॉटनेटमध्ये एक्झिक्यूटनॉनक्वेरी ओळींची संख्या देतं, पण एसक्यूएल सर्व्हरवरच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्राममध्ये) 'सेट नोकाउंट ऑन' असेल तर तिथं उणे एक येतो. तो बिघाड नव्हे.

एरर नाही, पण ओळही नाही

ज्या अपडेटच्या व्हेअर अटीत (कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणाऱ्या अटीत) एकही ओळ बसत नाही, ते डेटाबेसच्या दृष्टीनं शंभर टक्के यशस्वी असतं. त्याला सांगितलं, "या क्रमांकाच्या घराची पट्टी भरली म्हणून खूण कर." त्यानं शोधलं, तसं घर नव्हतं, काम संपलं. एरर कशाची देणार? आपल्याकडे घर क्रमांक किती तऱ्हांनी लिहितात ते आठवा. आकडा, तिरपी रेघ, अ किंवा ब, कधी मध्ये मोकळी जागा, कधी नाही. काउंटरवर एका तऱ्हेनं टाइप झालं आणि टेबलात दुसऱ्या तऱ्हेनं असलं, की अपडेट शून्य ओळींवर चालतं आणि प्रोग्राम आनंदानं पावती देतो.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक लिहिणाऱ्या स्टेटमेंटच्या शेजारी अपेक्षित संख्या कोडमध्ये लिहिलेली असावी. एका घराची पट्टी भरली तर एक, तीन ओळींचं बिल असेल तर तीन. अॅफेक्टेड रोज किंवा रोकाउंट (डेटाबेसनं सांगितलेली ओळींची संख्या) त्या आकड्याशी ताडून पाहा, आणि जुळलं नाही तर रोलबॅक करा, म्हणजे केलेले बदल मागे घ्या. कमी आले तरी आणि जास्त आले तरी. जास्त आलेले अधिक भयंकर, कारण व्हेअरमधली एक अट सुटली तर एका घराऐवजी अख्ख्या वॉर्डाची पट्टी भरल्याची खूण होते आणि ती चूक वर्षअखेरपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

इथं मायएसक्यूएलचा एक स्वभाव ठाऊक असायलाच हवा. अपडेटनंतर पीएचपीत मिळणारा आकडा हा 'सापडलेल्या' ओळींचा नसून 'बदललेल्या' ओळींचा असतो. कोणी फॉर्म उघडला, काही न बदलता सेव्ह दाबलं, तर ओळ सापडते पण बदल नाही म्हणून शून्य येतो. तुम्ही शून्याला बिघाड मानलं असेल, तर धडधाकट नोंदीवर "सेव्ह झालं नाही" असा संदेश येईल आणि लोकांचा प्रोग्रामवरचा विश्वास उडेल. यासाठी जोडणी करतानाच फाउंड रोज हा पर्याय चालू करता येतो, मग सापडलेल्या ओळी मोजल्या जातात. मायएसक्यूएलआयच्या इन्फो गुणधर्मातही सापडलेल्या ओळी, बदललेल्या ओळी आणि वॉर्निंग असे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर मुळातच सापडलेल्या ओळी मोजतो, आणि पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही किंमत तीच राहिली तरी ओळ धरतो. त्यामुळे एकाच डेटाबेसवर पीएचपीचं पान आणि जावाचा प्रोग्राम असे दोन्ही चालत असतील, तर तेच अपडेट एकीकडे शून्य आणि दुसरीकडे एक सांगेल.

'ऑन डुप्लिकेट की अपडेट' (तोच क्रमांक आधी असेल तर नवी ओळ न घालता जुनी बदला) वापरत असाल तर आणखी एक: नवी ओळ आली तर एक, जुनी बदलली तर दोन, आणि जुनी होती तशीच राहिली तर शून्य. दोन बघून "दोनदा नोंद झाली" असं समजून हैराण झालेले लोक मी पाहिले आहेत. एकच ओळ असते ती. उणे एक मात्र मायएसक्यूएलआयमध्ये बिघाडाचंच लक्षण. शून्य आणि उणे एक यांना एकाच 'नाही'त टाकू नका.

नोंद आहे, पण नाव नाही

आता तिसरा प्रश्न. ओळ आली, संख्या जुळली, आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना याचा फार त्रास होतो, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात याची फारशी फिकीर केलेली नसते.

मायएसक्यूएल ५.७पर्यंत नव्या डेटाबेसची अक्षरसंहिता (कुठली अक्षरं साठवता येतील ते ठरवणारी), काही सांगितलं नाही तर, लॅटिन१ असायची. लॅटिन१मध्ये पोर्तुगीज नावांतली स्वरचिन्हं बसतात, देवनागरी बसत नाही. त्यामुळे म्हापशाच्या एखाद्या जुन्या दुकानात सगळी नावं वर्षानुवर्षं ठीक चालतात, आणि ज्या दिवशी कोणी 'शांताराम' असं देवनागरीत टाइप करतं, त्या दिवशी टेबलात आठ प्रश्नचिन्हं जातात. आठ का, तर डोळ्याला चार अक्षरं दिसली तरी आत श, काना, अनुस्वार, त, काना, र, काना, म असे आठ घटक आहेत. मूळ अक्षरं तिथंच गेली, ती प्रश्नचिन्हांतून परत काढता येत नाहीत.

एरर का आली नाही? कारण स्ट्रिक्ट मोड बंद होता. तो बंद असला की न मावणारं नाव मायएसक्यूएल कापून ठेवतं, न समजणारं अक्षर प्रश्नचिन्ह करतं, चुकीची तारीख शून्यांची करतं, आणि या सगळ्याची फक्त वॉर्निंग देतं. स्टेटमेंट यशस्वी, एक ओळ, ट्रू. ५.७पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू येतो, पण जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर नेताना एरर येऊ लागल्या म्हणून तो बंद करून ठेवलेला पुष्कळ ठिकाणी आढळतो. 'इन्सर्ट इग्नोर' हेही त्याच जातीचं, एररची वॉर्निंग करून टाकतं. तपासायला सोपं आहे: इन्सर्टच्या लगेच पुढे, त्याच जोडणीवर 'शो वॉर्निंग्ज' चालवा. मध्ये दुसरी क्वेरी गेली तर तो मजकूर गेला.

उपाय असा, की टेबल, कॉलम आणि जोडणी तिन्ही यूटीएफ८एमबी४ (देवनागरीसकट सगळ्या लिपी मावणारी अक्षरसंहिता) करा आणि स्ट्रिक्ट मोड चालू ठेवा. तिन्ही म्हणजे तिन्ही, नुसतं टेबल बदलून भागत नाही. ओरॅकलवर असाल तर कॉलमची लांबी बाइटमध्ये आहे की अक्षरांत ते बघा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे 'शांताराम' चोवीस बाइट. वीस बाइटच्या कॉलमात ते मावत नाही आणि ओआरए-१२८९९ येते. रोमनमध्ये तेच नाव निम्म्या जागेत मावलेलं असतं, म्हणून हा दोषही "काही जणांचीच नोंद होत नाही" या रूपात समोर येतो.

कमिट झालं का?

पीएचपी सोडून पायथॉनकडे आलेल्यांना हा धक्का हमखास बसतो. पीएचपीत आणि जेडीबीसीत ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंट आपोआप पक्कं होणं) चालू असतो, पायथॉनच्या बहुतेक ड्रायव्हरांत बंद. प्रोग्राम इन्सर्ट करतो, लगेच सिलेक्ट करून बघतो, ओळ दिसते, माणूस निर्धास्त होतो. प्रोग्राम बंद झाला की ओळ नाही. स्वतःच्या जोडणीला स्वतःचा कमिट न केलेला डेटा दिसतोच, त्यामुळे ही तपासणी काही सिद्ध करत नाही. तपासायचं तर दुसरी जोडणी उघडून, दुसऱ्या खिडकीतून बघा.

पोस्टग्रेसमध्ये एक बारीक गोष्ट आहे. ट्रान्झॅक्शनमधलं (एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द व्हायच्या स्टेटमेंटांच्या गटातलं) एक स्टेटमेंट चुकलं की पुढची सगळी नाकारली जातात. तुम्ही ती एरर गिळली आणि शेवटी कमिट पाठवलं, तर सर्व्हर एरर देत नाही. तो ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतो आणि उत्तरात 'रोलबॅक' असा शब्द पाठवतो. तो शब्द वाचायची तसदी सहसा कोणी घेत नाही. कमिट एररविना परतलं म्हणजे काम झालं, हे समीकरण इथं चुकतं.

मायएसक्यूएलमध्ये याच्या नेमकं उलट. समजा पावतीचं इन्सर्ट आणि थकबाकीचं अपडेट अशी दोन स्टेटमेंट एका ट्रान्झॅक्शनमध्ये आहेत. आतल्या खोलीत कोणीतरी एखाद्या टूलमध्ये तीच थकबाकीची ओळ बदलून, कमिट न करता जेवायला गेलं आहे. तुमचं अपडेट मुळातल्या सेटिंगप्रमाणे पन्नास सेकंद थांबतं आणि १२०५ देतं. या एररनंतर इनोडीबी (मायएसक्यूएलचं टेबलं सांभाळणारं इंजिन) फक्त ते एक स्टेटमेंट मागे घेतं, अख्खं ट्रान्झॅक्शन नाही. प्रोग्रामनं एरर न बघता कमिट केलं, तर पावती राहते आणि थकबाकीही राहते. माणसानं पैसे भरलेले असतात आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा नोटीस जाते. डेडलॉकच्या (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट बघत अडकली की येणाऱ्या) १२१३मध्ये मात्र अख्खं ट्रान्झॅक्शन मागे जातं. म्हणून नियम साधा ठेवा: ट्रान्झॅक्शनमध्ये कुठलीही एरर आली की आपणहून रोलबॅक, आणि मग पहिल्यापासून.

रोलबॅक करूनही अर्धी नोंद उरत असेल, तर टेबलाचं इंजिन बघा. मायएसक्यूएल ५.५च्या आधीच्या काळातली टेबलं मायआयसॅमची असू शकतात. त्यांना ट्रान्झॅक्शन ठाऊकच नाही, रोलबॅकवर फक्त वॉर्निंग येते. ती इनोडीबीत बदला.

जोडणी मध्येच तुटली तर

पावसाळ्यात सत्तरी-पेडण्याकडे वीज आणि इंटरनेट कधी जाईल याचा नेम नसतो. कमिट पाठवलं आणि उत्तर येण्याआधी लाइन गेली, तर मायएसक्यूएल क्लायंट २०१३ देतो. या क्षणी 'झालं' म्हणता येत नाही आणि 'नाही झालं' असंही म्हणता येत नाही. कमिट सर्व्हरवर पोचून फक्त उत्तर हरवलेलं असू शकतं. डोळे झाकून पुन्हा इन्सर्ट केलं तर दोन नोंदी, काहीच न केलं तर कदाचित एकही नाही.

यातून सुटायचा मार्ग आधीच आखून ठेवावा लागतो. फॉर्म उघडतानाच प्रोग्रामनं त्या व्यवहाराला एक अनन्य खूण द्यावी, ती पावतीच्या टेबलात युनिक कॉलममध्ये जावी, आणि तुटलेली जोडणी परत आली की तीच खूण घेऊन पुन्हा इन्सर्ट करावं. आधीचं झालेलं असेल तर १०६२ येईल, आणि खुणेच्या कॉलमवरच्या त्या १०६२चा अर्थ "नोंद आहे" असा घ्यायचा. पावतीचा छापा याच्यानंतर. छपाई आधी आणि कमिट मागून, हा क्रम असलेला प्रोग्राम मी दुरुस्तीला घेतो तेव्हा दुसरं काही करण्याआधी तेवढं उलटं करतो.

पुन्हा प्रयत्न कशावर करायचा, यासाठी एसक्यूएलस्टेटची (एररसोबत येणाऱ्या पाच अक्षरी कोडची) पहिली दोन अक्षरं उपयोगी पडतात. ४०नं सुरू होणाऱ्या एरर, म्हणजे डेडलॉक वगैरे, पुन्हा केल्यावर बहुधा निघून जातात. २३नं सुरू होणाऱ्या, म्हणजे दुहेरी क्रमांक किंवा रिकामा सक्तीचा कॉलम, कितीही वेळा केल्या तरी त्याच येणार. त्या माणसाला दाखवाव्या लागतात. दाखवायच्या म्हणजे "हा पावती क्रमांक आधीच वापरला आहे" अशा शब्दांत. एरर क्रमांक, एसक्यूएलस्टेट आणि कुठलं स्टेटमेंट होतं हे लॉगमध्ये जाऊ द्या, टेबल-कॉलमांची नावं काउंटरच्या स्क्रीनवर नकोत.

हे सगळं बरोबर असूनही नोंद दिसत नसेल, तर प्रोग्राम आणि तुम्ही एकाच डेटाबेसकडे बघताय का ते तपासा. एसक्यूएलाइटमध्ये फाइलचा मार्ग चुकला तर एरर येत नाही, नवी रिकामी फाइल तयार होते. शॉर्टकट दुसऱ्या फोल्डरमधून सुरू झाला की नोंदी दुसऱ्याच फाइलमध्ये साठत राहतात. या एका कारणानं गेलेल्या मानलेल्या नोंदी अख्ख्या परत मिळतात, म्हणून हार्ड डिस्कवर त्या नावाच्या सगळ्या फाइल शोधून पाहण्यात कसूर करू नका.

आधी गेलेल्या नोंदी कशा शोधायच्या

दुरुस्ती झाल्यावर संस्थेचा पहिला प्रश्न असतो, मागच्या किती गेल्या? आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांत पडलेली भगदाडं मोजून उत्तर देण्याचा मोह होतो, पण तो आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. इनोडीबीत दुहेरी क्रमांकामुळे नाकारलेलं किंवा रोलबॅक झालेलं इन्सर्टही आपला क्रमांक खर्च करून जातं, तेव्हा प्रत्येक भगदाड म्हणजे हरवलेली पावती नव्हे. उलट अपॉस्ट्रॉफीमुळे १०६४ आलेलं स्टेटमेंट चाललेलंच नसतं, त्यामुळे डिसोझांच्या गेलेल्या पावत्यांचं एकही भगदाड तिथं दिसत नाही. पोस्टग्रेस असेल तर सर्व्हरचा लॉग उघडा. चुकलेली स्टेटमेंट तिथं मुळातल्या सेटिंगनुसार पूर्ण मजकुरासह नोंदलेली असतात, नावासकट. मायएसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये ती मिळत नाहीत. तिथं एकच वाट उरते: रोजच्या रोखीची बेरीज टेबलातल्या त्या दिवसाच्या बेरजेशी ताडायची, जो दिवस जुळत नाही त्या दिवसाच्या छापील पावत्यांच्या स्थळप्रती बाहेर काढायच्या, आणि एकेक नाव टेबलात शोधत जायचं.